स्टेरॉईड चालू असताना छातीतून घरघर येतेय, गोळी बंद करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, पेम्फिगस म्हणजे अंगावर फोड येणारा त्वचेचा आजार, त्यासाठी प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ रोज सकाळी, आज २४ वा दिवस. बीपी जुनं आहे, त्याची अॅम्लोडिपिन चालू, गुडघे दुखले की अधूनमधून पेनकिलर. गेल्या चार-पाच रात्री आडवे झाले की छातीतून घरघर येते, उशा दोनच्या तीन झाल्यात, दिवसा बऱ्यापैकी ठीक. नेटवर या गोळीच्या साइड इफेक्टच्या यादीत 'श्वास घेताना घरघर, खरखर आवाज' असं सापडलं, आई म्हणते गोळी बंद करा, आणि तुम्ही विचारताय करू का. सोबत रात्रीचं ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग.

नाही, बंद करू नका. पण पुढची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे म्हणून तोपर्यंत थांबूही नका, उद्या सकाळीच दाखवा. आणि बसूनही धाप लागतेय, एक वाक्य एका दमात बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, गुलाबी फेसाळ कफ पडतोय, छातीत दुखतंय, एकदम गुंगीत गेलेत, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा दिसतोय किंवा श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज येतोय, यातलं काहीही एक असेल तर हे वाचत बसू नका, आत्ता इमर्जन्सीत घेऊन जा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता यादीबद्दल. मी २२ वर्षं छातीचे पेशंट बघतेय आणि दर आठवड्याला कोणीतरी मोबाईलवर ती लांबलचक यादी उघडून समोर धरतं. यादी खोटी नसते हो, पण ती वाचायची कशी हे कोणी सांगत नाही. त्यात 'घरघर' हा शब्द एकटा येत नाही, त्याच्या आजूबाजूला काय काय आहे ते बघा: हातापायाला सूज, वजन वाढणं, धाप, छातीचे ठोके अनियमित होणं. म्हणजे तिथे पाच वेगळे साइड इफेक्ट नाहीयेत, एकाच गोष्टीची पाच तोंडं आहेत, अंगात पाणी साठतंय आणि हृदयाला ते झेपत नाहीये. प्रेडनिसोलोन फुफ्फुसात जाऊन आवाज करत नाही. तिच्यामुळे दुसरं काहीतरी होतं आणि ते आवाज करतं, किंवा गोळीचा काही संबंधच नसतो आणि आवाज आणणारा भलताच आजार असतो. त्यामुळे 'हा साइड इफेक्ट आहे का' असं विचारून फार काही हाती लागत नाही. आवाज कुठून येतोय, श्वास आत घेताना की सोडताना, आणि पहिल्या डोसनंतर किती वेळाने सुरू झाला, ही तीन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

कुठून येतोय हे घरीही बऱ्यापैकी कळतं. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा सूं सूं आवाज आला तर छोट्या श्वासनळ्या आवळल्यात किंवा सुजल्यात. श्वास आत घेताना घशापाशी कर्कश, ओढल्यासारखा आवाज आला तर अडथळा वर आहे, स्वरयंत्राच्या आसपास, आणि तो नेहमी गंभीर समजायचा. जाडसर खरखर, जी एकदा नीट खोकलं की बदलते किंवा थांबते, ती मोठ्या नळ्यांतल्या कफाची. आणि चौथा आवाज बाहेरून सहसा ऐकूच येत नाही, स्टेथोस्कोप पाठीवर खाली ठेवला की येतो, कानाजवळ केसांची बट बोटांत धरून चोळा, अगदी तसा. तो आला की आम्ही पाणी, न्यूमोनिया नाहीतर फुफ्फुसाचा ताठरपणा यांचा विचार करतो. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून छाती ऐकली तेव्हापासून आमची सगळी मंडळी याच आवाजांना नावं देत बसलीयत आणि अजूनही दोन डॉक्टरांचं एका आवाजावर एकमत होईलच असं नाही, त्यामुळे घरच्या माणसाने नाव ठरवायच्या भानगडीत पडू नये, फक्त 'आत घेताना की सोडताना' एवढं बघून ठेवावं.

तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. फोन उशीजवळ ठेवलेला दिसतोय, पंख्याचाच आवाज जास्त आहे, तरी श्वास सोडताना ओलसर घरघर आहे आणि मध्ये दोनदा खोकला आहे हे कळतं. त्यावरून मी निदान सांगणार नाही, सांगूही नये कोणी. पुन्हा करायचं झालं तर पंखा बंद करा, फोन छातीच्या वरच्या हाडापासून वीतभर अंतरावर धरा, आधी आडवे असताना आणि मग उठून बसल्यावर असं दोन्ही वेळा एकेक मिनिट घ्या. बसल्यावर आवाज कमी झाला तर ते डॉक्टरला आवर्जून सांगा.

कारण तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकली ती तिसरी उशी.

पाणी साठण्याचं गणित थोडं समजून घ्या. आपल्या मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथी रोज स्वतःचं स्टेरॉईड बनवतात, त्याच्या हिशोबाने ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण दिवसभराची नैसर्गिक गरज. वडील ४० घेतायत, म्हणजे आठपट. या औषधांचं एक काम सूज आणि प्रतिकारशक्ती दाबायचं, आणि दुसरं, नको असलेलं काम मीठ धरून ठेवायचं. मीठ राहिलं की पाणी राहतं, आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीतून जातं. १९४८ मध्ये संधिवाताच्या पेशंटना पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, त्या कामाला १९५० चं नोबेलही मिळालं, पण तोंड आणि पाय सुजतात ही तक्रार तेव्हापासूनचीच. प्रेडनिसोलोन १९५५ च्या सुमारास आलं ते मीठ कमी धरतं म्हणूनच लोकांना आवडलं. कमी धरतं, धरत नाही असं नाही. हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात जास्त धरतं, प्रेडनिसोलोन त्याहून थोडं कमी, मिथाइलप्रेडनिसोलोन आणखी कमी, डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन जवळपास नाहीच. तरी डेक्सामेथासोननेही बीपी वाढू शकतं कारण रक्तवाहिन्यांवर परिणाम वेगळ्या वाटेने होतो, त्यामुळे 'दुसरं स्टेरॉईड लिहून द्या' इतकं ते सरळ नाही.

तरुण, धडधाकट हृदय असलेल्या माणसाला हे एक-दीड लिटर जादा पाणी जाणवतही नाही, फार तर चेहरा गोल दिसतो. पण वर्षानुवर्षं बीपी असलेल्याचं हृदय जरा जाड आणि ताठर झालेलं असतं, ते दिवसा कसंबसं सांभाळून घेतं. दिवसभर पाणी पायांत उतरलेलं असतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं, हृदयावर एकदम भार, मागे फुफ्फुसात दाब, आणि मग घरघर, कोरडा खोकला, तासा-दोन तासांनी दचकून उठून खिडकीशी जाऊन बसणं. श्वासनळ्यांच्या भिंतीही या पाण्याने सुजतात म्हणून कधी कधी हुबेहूब दम्यासारखी शिट्टी येते, आणि इथेच गल्लत होते.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या, 'दमा बळावलाय' अशी चिठ्ठी घेऊन. शिट्टी होतीच, तीही दारातून ऐकू येईल इतकी. आधी स्टेरॉईडचा छोटा कोर्स झाला, बरं वाटेना म्हणून डोस वाढवला, आणखी बिघडलं म्हणून परत वाढवला. दर वाढीनंतर तीन-चार दिवसांनी त्या अजून बसलेल्या. मी छाती ऐकायच्या आधी त्यांचे मोजे काढायला सांगितले आणि घोट्याच्या वर इलॅस्टिकचा जो वळ होता तो बोटाचं टोक बसेल इतका खोल, दहा मिनिटं झाली तरी भरून आला नाही. बोटातली अंगठी निघत नव्हती, सुनेने साबण लावून बघितला होता म्हणाल्या. मानेची शीर बसलेल्या अवस्थेतही कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली. तो दमा नव्हताच, हृदय थकलं होतं आणि प्रत्येक वाढीव डोस त्यावर आणखी मीठ-पाणी चढवत होता. लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं, रात्रीत भरपूर लघवी झाली आणि सकाळी बघते तर बाई एका उशीवर आडव्या, घोरतायत. स्टेरॉईड पुढे हळूहळू उतरवून बंद केलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे, स्टेरॉईड वाढवल्यावर ज्याची शिट्टी वाढते त्याचे आधी मोजे काढायचे.

वडिलांचे पाय बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, खड्डा राहतो का. पण एक लक्षात घ्या, अॅम्लोडिपिननेही घोट्याला सूज येते, ती बिचारी निरुपद्रवी असते, तिने वजन फारसं वाढत नाही आणि रात्री घरघर तर मुळीच होत नाही. म्हणून पायापेक्षा मी वजनकाट्यावर जास्त विश्वास ठेवते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात लबाडी नाही. स्टेरॉईडने भूक सुटते आणि वजन वाढतं हे खरं, पण चरबी आठवड्यांच्या हिशोबाने चढते, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच. उद्या सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा आणि गोळी सुरू करायच्या आधीच्या एखाद्या कागदावर वजन लिहिलेलं असेल तर तो कागद शोधून सोबत न्या.

आणि ती पेनकिलर मात्र आजपासून घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीतल्या गोळ्या स्वतःही मीठ-पाणी धरतात, बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण देतात आणि स्टेरॉईडसोबत घेतल्या की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायचा धोका चांगलाच वाढतो. साधी पॅरासिटामॉल चालेल, पण पाण्यात फसफसणारी नको, त्या फसफसण्यात सोडियम असतं. घशात घरघर आहे म्हणून कोणी ज्येष्ठमध चघळायला देत असेल तर तेही थांबवा, ज्येष्ठमधाने शरीरातलं स्टेरॉईड मूत्रपिंडात निष्प्रभ व्हायचं थांबतं आणि मीठ धरणं, पोटॅशियम घटणं दोन्ही वाढतं. घरगुती आहे म्हणून कोणी डॉक्टरला सांगत नाही, आणि आम्हीही विचारायला विसरतो.

दुसरी शक्यता इन्फेक्शनची, आणि ती पहिलीइतकीच मनावर घ्यायची. ४० मिग्रॅ रोज म्हणजे प्रतिकारशक्तीवर झाकण. न्यूमोनिया झाला तरी ताप यायलाच हवा असं नाही, स्टेरॉईड ताप दाबतं, माणूस नुसता मलूल वाटतो, भूक जाते. 'ताप नाही ना, मग इन्फेक्शन नाही' हे वाक्य स्टेरॉईडवरच्या माणसाबद्दल कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. साध्या न्यूमोनियात एका बाजूला केस चोळल्यासारखा आवाज येतो, कफाचा रंग बदलतो. जुना टीबी कुठे दबा धरून बसला असेल तर रोज १५ मिग्रॅच्या वर महिनाभर गेलं की तो उठायची शक्यता वाढते, म्हणून जुना टीबी किंवा घरात कोणाला झालेला टीबी, हे डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आणि न्यूमोसिस्टिस नावाची एक बुरशी आहे, २० मिग्रॅ किंवा जास्त डोस चार आठवडे किंवा त्याहून लांबला की तिची चिंता सुरू होते आणि काही पेशंटना आधीपासूनच को-ट्रायमोक्साझोलची गोळी संरक्षण म्हणून देतात. या बुरशीची गंमत म्हणजे छाती ऐकली तर बहुतेक वेळा स्वच्छ. आवाज काही नाही, कोरडा खोकला, आणि बसल्यावर ९६ असलेला ऑक्सिजन खोलीत दोन फेऱ्या मारल्या की ८८. म्हणजे आवाज येतोय याची जितकी भीती वाटते तितकीच आवाज न येण्याचीही कधी कधी वाटायला हवी. दम्याच्या जबर अॅटॅकमध्येही शिट्टी अचानक थांबली आणि माणूस थकलेला दिसतोय तर तो बरा होत नाहीये, हवाच आत-बाहेर जात नाहीये.

आता एक असं कारण सांगते जे यादीत सहसा सापडणार नाही, आणि जे माझ्याकडूनही एकदा सुटलंय. स्ट्राँगिलॉइड्स म्हणून एक जंत आहे, अनवाणी चालताना मातीतून पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्यात राहतो आणि स्वतःची पिल्लावळ आतल्या आतच वाढवत दशकानुदशकं मुक्काम करतो, माणसाला पत्ताही नसतो. स्टेरॉईड सुरू झालं की त्याच्यावरचा पहारा उठतो, अळ्या हजारोंनी वाढतात आणि फुफ्फुसातून प्रवास करतात. मग शिट्टी, खोकला, धाप, कधी कफात रक्त, पोटदुखी. डॉक्टरला वाटतं दमा, तो स्टेरॉईड वाढवतो, आणि हेच सगळ्यात वाईट. मी नेमकं तेच केलं होतं. पेशंटच्या रक्तात इओसिनोफिल, म्हणजे जंत झाले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले नव्हते म्हणून जंताचा विचार डोक्यातून काढून टाकला, पण स्टेरॉईड त्या पेशीच खाली आणतं, त्यामुळे नॉर्मल आकड्याला तिथे काही अर्थच नसतो. चौथ्या दिवशी लॅबवाल्याचा फोन आला, मॅडम कफाच्या स्लाइडवर अळ्या हलतायत. आयव्हरमेक्टिन दिलं, स्टेरॉईड शक्य तितकं खाली आणलं, पेशंट वाचला, पण ते तीन दिवस माझ्या हिशोबात आहेत. वडिलांनी शेतात, मातीत अनवाणी काम केलेलं असेल तर तो मुद्दा डॉक्टरच्या कानावर घाला.

तुम्ही इनहेलरबद्दल विचारलं नाहीये, पण श्वासाचा आवाज आणि स्टेरॉईड म्हटलं की निम्मे लोक इनहेलरवालेच असतात, म्हणून थोडं. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, हे थेट नळ्यांत जातात, अंगात पाणी-बिणी साठवत नाहीत. पण क्वचित एखाद्याला पफ घेतल्या घेतल्या, काही मिनिटांत, नळ्या उलट आवळतात. एक गृहस्थ तक्रार करायचे की इनहेलरनेच दम लागतो, घरच्यांना ते नाटक वाटायचं. मी माझ्यासमोर घ्यायला लावला. फुंकून पीक फ्लो, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो त्याचा आकडा, आधी ३२०, पफनंतर पाच मिनिटांनी २४०, आणि पाठीवर शिट्टी जी आधी नव्हती. औषध तेच ठेवून पावडरऐवजी दुसऱ्या प्रकारचं डिव्हाइस दिलं आणि विषय संपला. पावडरच्या बऱ्याच इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधातल्या प्रोटीनचे अंश राहू शकतात, दुधाची खरी अॅलर्जी असलेल्याला तेवढंही पुरतं. लॅक्टोज पचत नाही, पोट बिघडतं, ती वेगळी गोष्ट, त्या लोकांनी घाबरायचं कारण नाही. असं उलटं आवळणं झालं तर लगेच आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप घ्यायचा, तो इनहेलर परत वापरायचा नाही आणि डॉक्टरला कळवायचं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरणं आणि नंतर चूळ भरून थुंकणं यासाठी आम्ही मागे लागतो ते घशात औषध साचून आवाज बसू नये आणि पांढरी बुरशी वाढू नये म्हणून. ती बुरशी स्वरयंत्रापर्यंत गेली तर आवाज घोगरा होतो आणि लोकांना वाटतं छातीत काहीतरी झालं. सीओपीडीवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या श्वासनळ्या बहुधा धूम्रपानाने किंवा धुराने कायमच्या अरुंद झाल्यात त्यांच्यासाठी, आणखी एक, २००७ साली आलेल्या टॉर्च नावाच्या मोठ्या अभ्यासात औषध नसलेला नुसता पफ घेणाऱ्या गटात १२.३ टक्क्यांना न्यूमोनिया झाला तर फ्लुटिकासोन असलेल्या गटांत १८.३ आणि १९.६ टक्क्यांना. म्हणून सीओपीडीत स्टेरॉईडचा इनहेलर आता ज्याला खरंच उपयोग आहे त्यालाच देतात.

इंजेक्शनची गोष्ट आणखी वेगळी. स्टेरॉईड हेच अॅलर्जीचं औषध, त्याची कसली अॅलर्जी, असं वाटतं, पण होते, दुर्मिळ असली तरी. अॅस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो अशा काही लोकांना हायड्रोकॉर्टिसोन सक्सिनेट शिरेतून भसकन दिलं की नळ्या आवळतात, त्यात त्रास स्टेरॉईडपेक्षा सक्सिनेटचा असतो असं मानतात. आणि मिथाइलप्रेडनिसोलोनच्या काही इंजेक्शनमध्ये गाईच्या दुधापासूनचं लॅक्टोज असतं, युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये ती दुधाच्या अॅलर्जीवाल्यांना देऊ नका असंच सांगितलं. इथे वेळ बघायची, सुई निघाल्यापासून मिनिटांत आवाज, सोबत अंगावर गांधी, खाज, चक्कर. वडिलांचं चित्र तसं नाही, तोंडावाटे गोळी आणि तिसऱ्या आठवड्यात सुरुवात.

बाकीच्या शक्यता मी भरभर सांगते. महिनोन्महिने जास्त डोस चालला की मान आणि गळ्याभोवती चरबी चढते, मग घोरणं वाढतं, झोपेत श्वास थांबतो, घरच्यांना तो छातीचा आवाज वाटतो, पण २४ दिवसांत एवढं होत नाही. स्टेरॉईडने मांड्या-खांद्यांसारखे श्वासाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात, खोकल्यात जोर राहत नाही आणि कफ नळीतच खळखळत बसतो, पोटॅशियम घसरलेलं असेल तर आणखीच. जिन्यावरची धाप अचानक सुरू झाली, एकच पोटरी सुजलीय, छातीत श्वासागणिक टोचतंय तर फुफ्फुसात गुठळी गेलीय का हे बघावंच लागतं, स्टेरॉईडने तो धोका वाढतो. अॅसिडिटी घशापर्यंत येऊनही रात्री घरघर होते, तीही उशा वाढवल्यावर कमी होते, त्यामुळे तिसऱ्या उशीचा हा एक बिनधोक अर्थही निघतो, पण तो शेवटी काढायचा, आधी नाही.

आता आईंच्या म्हणण्याबद्दल. त्यांची भीती मला कळते, पण तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉईड झालं की शरीराचा स्वतःचा कारखाना झोपलेला असतो. बाहेरचा माल एकदम थांबवला तर तो लगेच जागा होत नाही, मग बीपी पडणं, उलट्या, ग्लानी, एखादं इन्फेक्शन अंगात असेल तर जिवावर बेतणं. वरून पेम्फिगस उसळला तर तोंडात, घशात परत फोड, आणि तो आजार स्टेरॉईड येण्याआधीच्या काळात बहुतेकांचा जीव घ्यायचा हे विसरू नका. डोस कमी करायचा झाला तरी त्वचेच्या डॉक्टरांनी पायऱ्या ठरवून, आणि बहुधा सोबतीला अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा रितुक्सिमॅबसारखं दुसरं औषध लावून, म्हणजे स्टेरॉईड लवकर खाली आणता येतं. हे त्यांच्या डोक्यात असेलच, फक्त रात्रीची घरघर त्यांच्यापर्यंत पोचलेली नसेल.

उद्या डॉक्टर काय करतील तर वजन, बीपी, मानेची शीर, पाय, पाठीवर खालपर्यंत ऐकणं, बसून आणि थोडं चालवून ऑक्सिजन, छातीचा एक्स-रे, ईसीजी, रक्तात सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, शुगर आणि जमलं तर बीएनपी, हृदयावर ताण आला की वाढणारी एक तपासणी. संशय राहिला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शुगर मुद्दाम म्हणतेय, ४० मिग्रॅवर दुपारनंतरची शुगर बघावी, सकाळची उपाशीपोटीची फसवते. अंगात पाणी साठलंय असं निघालं तर लघवी वाढवणारी गोळी मिळेल, पण तिनेही पोटॅशियम जातं, स्टेरॉईडने आधीच जात असतं, आणि कोणी नेब्युलायझरवर साल्ब्युटामॉल दिला तर त्यानेही खाली येतं, म्हणून दोन-चार दिवसांनी परत रक्त तपासायला सांगितलं तर टाळू नका, ठोके बिघडतात ते याच तिघांच्या संगनमताने. आणि नुसत्या आवाजावरून कोणी खोकल्याचं गोड सिरप हातात ठेवलं तर तेवढ्यावर उठून येऊ नका, तिसऱ्या उशीचं आणि वजनाचं बोला.

शेवटी तुम्ही विचारलंय की पाणी पिणं निम्मं करू का. स्वतःहून नको, या वयात पाणी तोडलं की मूत्रपिंडाचा दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि साठतंय ते मिठामुळे, तेव्हा मीठ तोडा, ताटात वरून घ्यायचं बंद, पाकिटातलं खारट बंद. पाण्याचा आकडा तपासणीनंतर डॉक्टर देतील. आज रात्री डोकं आणि पाठ दोन्ही उंच राहतील असं टेकून झोपवा, नुसती मान उंच नको, आणि सकाळची गोळी काहीतरी खाऊन नेहमीसारखी द्या. वजनाचा आकडा आणि एक्स-रेचा रिपोर्ट आला की लिहा, मी बघते.